नकाशा कोणाच्या हाती?

२३ मार्च २०२० रोजी दहावीच्या शालान्त परीक्षेत भूगोलाची प्रश्नपत्रिका व्हावयाची होती. महामारीमुळे ती प्रथम पुढे ढकलली गेली, मग रद्द झाली, आणि इतर विषयांतील गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण सर्वांना बहाल करण्यात आले. त्या दिवसांत दुसरा इलाज नव्हता, हे आम्हांस मान्य आहे. आमचे दुःख निराळे आहे. आमच्या धर्मग्रामातील एकाही घरातून त्याबद्दल हळहळ ऐकू आली नाही. गणिताचा पेपर असा हवेत विरला असता, तर पालकांनी आकाशपाताळ एक केले असते. भूगोल गेला तेव्हा घरोघरी सुटकेचा निःश्वास टाकला गेला. इतिहासाच्या शेपटाला बांधलेले राज्यशास्त्र तेवढे आधीच उरकले होते.

या दोन विषयांना आपल्या घरांत आणि आपल्याच शाळांत सावत्र लेकरांची वागणूक मिळते, हा आमचा आरोप आहे. आणि तो शासनावर करण्यापूर्वी आम्ही स्वतःवर करीत आहोत.

सेमिनरीत असताना संत पौलाच्या तिन्ही प्रवासांचे नकाशे आम्ही डोळे मिटून काढू शकत होतो. अंत्युखिया, इफिस, मिलेत, करिंथ ही नगरे आमच्या जिभेवर होती. कोणत्या बंदरातून जहाज सुटले आणि कोठे फुटले, हे आम्ही बिनचूक सांगत असू. परंतु ज्या विहिरीच्या पाण्यावर आम्ही वाढलो, त्या विहिरीत पाणी येते कोठून, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. त्याची किंमत पुढे एका संध्याकाळी आम्ही मोजली.

आमच्या भागाचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. हरकती नोंदवण्याची मुदत संपत आली होती. आम्ही मंडळींना सभागृहात बोलावले, चार टेबले जोडून त्यांवर नकाशा पसरला. जमलेल्यांत दोन इंजिनियर होते, बँकेतील अधिकारी होते, तीन शिक्षक होते आणि निवृत्त झालेले एक मुख्याध्यापकही होते. सारे त्या रंगीत कागदाभोवती उभे राहिले. पिवळा रंग निवासी, हिरवा रंग शेतीचा व मोकळ्या जागांचा, इतके वाचून झाले. पण आपली वाडी त्या पिवळ्यात आहे की हिरव्यात, हे कोणालाच सांगता येईना. कागद उलटा धरला आहे की सुलटा, यावरही मतभेद झाले. अखेरीस भाजी विकून संसार केलेल्या, अक्षरशत्रू म्हणवल्या जाणाऱ्या एक मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "फादर, दर्या कुठल्या बाजूला ते आधी सांगा." आम्ही बोट ठेवले. त्यांनी तेथून खाडीचे वळण धरले, बावखल शोधले, बावखलापासून वाट मोजली आणि म्हणाल्या, "हे आमचं घर. आणि घरावरून हा रस्ता चाललाय."

सोळा-सतरा वर्षे शाळा-कॉलेजांत काढलेल्या माणसांना जो पहिला प्रश्न सुचला नाही, तो त्या माउलीला सुचला. नकाशावाचनाचा पहिला धडा दिशा निश्चित करण्याचा असतो. तो धडा सर्वांनी पाचवीत पाठ केला होता, गुण मिळवले होते आणि विसरून गेले होते.

दोष पाठ्यपुस्तकाचा आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. बालभारतीने २०१८ साली दहावीसाठी काढलेल्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची शेजारी शेजारी मांडणी केलेली आहे, आणि त्याची सुरुवातच क्षेत्रभेटीच्या पाठाने होते. ही कल्पना उत्तम आहे. वसईच्या शाळेत तर ती सोन्याहून पिवळी व्हावी! कारण ब्राझीलवर ज्या पोर्तुगिजांचे राज्य होते, त्यांचेच राज्य १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत आपल्या या किनाऱ्यावर होते. काजू आणि अननस ही फळे मूळची दक्षिण अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि येताना आपली नावेही घेऊन आली. शिक्षकाने वर्गात एक काजूचे बोंड टेबलावर ठेवले, तरी अटलांटिक महासागर, व्यापारी वारे, वसाहतवाद आणि परसातील झाड, सारे एका तासात एकत्र येईल. त्याला खर्च काय? पण प्रत्यक्षात काय घडते? क्षेत्रभेटीचा पाठ वर्गात बसून मोठ्याने वाचला जातो. भेटीसाठी तयार करावयाची प्रश्नावली गाइडातून उतरवून घेतली जाते. जे क्षेत्र पाहिलेच नाही, त्याचा अहवाल मुले सुवाच्य अक्षरांत लिहितात. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण प्रसादासारखे वाटले जातात. आम्ही कबुलीजबाब ऐकणारे आहोत. ज्या असत्याला शाळाच उत्तेजन देते, त्याचे प्रायश्चित्त कोणाला द्यावे, हे आम्हांला आजवर उमगलेले नाही.

आता साधनांविषयी. आपल्या कित्येक शाळांनी देणग्या गोळा करून वर्गात विजेचे पडदे बसवले आहेत. त्यांचे उद्घाटन होते, आशीर्वाद देण्यास आम्हांलाच बोलावतात. पडदा वाईट नाही. अॅमेझॉनचे खोरे आकाशातून दाखवावे ते त्यानेच. परंतु पडद्यावरील चित्र सरकते आणि जाते. भिंतीवरचा कापडी नकाशा मात्र वर्षभर तेथेच असतो. कंटाळलेला मुलगा खिडकीबाहेर पाहण्याऐवजी त्याकडे पाहतो आणि नकळत शिकतो. हे नकाशे आज कोठे आहेत? एका शाळेच्या माळ्यावर आम्हांला त्यांची गुंडाळी सापडली. तिच्यात सोव्हिएत संघ अजून अखंड होता. उंदरांनी हिंदी महासागर कुरतडला होता. पृथ्वीगोल होता, पण त्याचा आस तुटलेला.

आणि ज्या साधनाची सर्वाधिक गरज आहे, ते तर माळ्यावरही नव्हते. आपल्या गावाचा नकाशा! भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. या विभागाची भूपत्रके, म्हणजे एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणाचे नकाशे, देशाच्या इंच इंच भूमीचे आहेत. जुन्या क्रमवारीत वसईचा परिसर ४७ अ/१५ या पत्रकात येतो. किनारपट्टीची भूपत्रके दीर्घकाळ निर्बंधित असत, हे खरे. पण २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने जनतेसाठी निराळी खुली मालिका ठरवली आणि २०२१ साली तर नकाशांवरील पुष्कळ बंधने उठली. गावाचा नकाशा तलाठ्याकडे असतो, सात-बारा घरोघरी असतो. सात-बारा हे राज्यशास्त्राचे आणि भूगोलाचे एकत्र पुस्तक आहे, हे किती शिक्षकांच्या ध्यानी येते? सातव्या नमुन्यात हक्क, बाराव्यात पिके. कोणाची जमीन, तीत काय पिकते, तिच्यावर कोणाचा बोजा. एका कागदावर समाज उभा असतो. मात्र तो कपाटात कुलपात असतो आणि वाटण्यांच्या भांडणाखेरीज बाहेर निघत नाही.

वसईच्या पाण्याची गोष्ट घ्या. पश्चिमेचा आपला पट्टा रेताड. पावसाचे पाणी रेतीत मुरते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी हलके. शास्त्र असे सांगते की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ भयंकर आहे. उपसून उपसून पातळी एक मीटरने कायमची खाली नेली, तर खारे पाणी खालून चाळीस मीटर वर चढते. आपल्या पूर्वजांनी हे सूत्र पुस्तकात वाचले नव्हते. पण त्यांनी विहिरीहून मोठी आणि तळ्याहून लहान अशी बावखले खणली, त्यांत पाऊस साठवला, जिरवला, आणि रहाटाने उपसले तेही बेताने. पानवेल आणि केळी या तरंगत्या गोडव्यावर पोसल्या गेल्या. पुढे पंप आले, मग टँकर आले आणि वाडीतले पाणी इमारतींना विकले जाऊ लागले. १९८८ मध्ये शासनाने हा पट्टा नागरीकरणाला मोकळा करण्याचे पाऊल उचलले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जो लढा उभारला, त्याच्या मुळाशी हे पाणी होते. दहावीच्या राज्यशास्त्रात 'सामाजिक व राजकीय चळवळी' नावाचा पाठ आहे. वसईच्या मुलांनी तो वाचताना शिक्षकाने खिडकीकडे बोट दाखवले नाही, तर त्या शिक्षकाने तो पाठ शिकवला, असे आम्ही मानणार नाही.

येथे भूगोल संपतो कोठे आणि राज्यशास्त्र सुरू होते कोठे, हे कोणी सांगावे?

"फादर, शाळेत राजकारण नको," असे पालक आम्हांला म्हणतात. त्यांची भीती आम्ही जाणतो. आमचा स्वतःचा धर्मकायदा, कॅनन २८७, धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यापासून अडवतो, आणि तो आम्हांला मोलाचा वाटतो. परंतु पक्ष निराळा आणि राज्यव्यवहार निराळा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आनंद व आशा' या दस्तऐवजात नागरी व राजकीय शिक्षणाचा, विशेषतः तरुणांच्या शिक्षणाचा, आग्रह धरला आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकातील शेवटचे प्रकरण पर्यावरणाच्या शिक्षणाला वाहिलेले आहे. ज्या शाळा चर्चच्या नावाने चालतात, त्यांनी हे दस्तऐवज काचेच्या कपाटात ठेवावेत, हा त्यांचा सन्मान नव्हे.

आणि राजकारण नको म्हटल्याने ते थांबते थोडेच! २००९ साली चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावे महानगरपालिकेत असावीत की बाहेर, हा वाद त्यानंतर दशकाहून अधिक काळ गाजला, न्यायालयात गेला, रस्त्यावर आला. घरोघरी त्यावर कडाक्याने बोलले गेले. पण त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती ग्रामसभेला काय देते, चौऱ्याहत्तरावी नगराला काय देते, ग्रामपंचायत जाऊन प्रभाग आला म्हणजे गावकऱ्याच्या हातून नेमके काय सुटते आणि त्याला काय मिळते, हे शांतपणे मांडणारा वर्ग आम्हांला कोठे आढळला नाही. या दोन्ही दुरुस्त्या १९९३ साली अमलात आल्या. मुले त्यांचे क्रमांक पाठ करतात. ग्रामसभेची विषयपत्रिका मात्र त्यांनी कधी पाहिलेली नसते. ती मागून आणावी, फळ्यावर लिहावी, मुलांना विचारावे, या सात विषयांपैकी तुमच्या घराशी संबंध कशाचा? त्यात कोणत्या पक्षाचे नाव येते?

एकसष्टाव्या दुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. आज सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे दहावीचा निकाल लागल्यावर दीड-दोन वर्षांत ही मुले नमुना सहा भरण्यास पात्र होतात. त्या दोन वर्षांत विज्ञान शाखेला गेलेल्या मुलांचा या दोन्ही विषयांशी संबंध बहुधा संपलेला असतो. तेव्हा जे शिकवावयाचे ते नववी-दहावीतच. पुढे फक्त प्रचारक शिकवतील.

शिक्षकांना आम्ही दोष देत नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. थोडासा देतोच. पण पन्नास-साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची आणि गणनेची सरकारी कामे आणि वर्षाअखेरी निकालाची टक्केवारी मागणारे व्यवस्थापन, या चक्कीत भरडला जाणारा शिक्षक क्षेत्रभेटीला निघेल कसा? व्यवस्थापन म्हणजे पुष्कळदा आम्हीच, आमच्यासारखे झगेवाले. म्हणून हा दोष पुन्हा आमच्याच अंगणात येऊन पडतो.

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली. रेल्वे थांबली, मिठागरातील वस्ती अडकली, मुले गुडघाभर पाण्यातून चालली. पाणी कोठून आले आणि का गेले नाही, याचे उत्तर भूपत्रकावर आहे. दोन-चार मीटरांचा चढ, खाजण, मिठागरे, बुजलेले नाले. घमेल्यात मातीची टेकडी करून पाणी बोटाबोटाने चढवावे आणि प्रत्येक पातळीला काडीने रेघ ओढावी. समोच्च रेषा म्हणजे काय, हे दहा मिनिटांत कळते. मग तीच मुले सांगतील, पुढच्या वेळी पाणी प्रथम कोणाच्या उंबऱ्याला लागेल.

आम्ही आमच्यापुरती एक सुरुवात केली आहे. भूपत्रक मोठे करून सभागृहाच्या भिंतीवर लावले आहे, उत्तर वर आणि दर्या डाव्या हाताला. शेजारी गावचा नकाशा आहे. त्यावर अजून असलेली बावखले निळ्या खडूने आणि बुजवलेली तांबड्या खडूने मुलांनी दाखवली आहेत. तांबडी अधिक भरली, म्हणून दोन सद्गृहस्थ आमच्यावर रुष्ट झाले. खडू पुसण्याचे आम्ही नाकारले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर नववी-दहावीची मुले बारा विहिरींची पातळी मोजतात. वीतभर अंतरावर गाठी मारलेली दोरी आणि वही साक्रिस्तीत ठेवलेली आहे. मे महिन्यात पाणी मचूळ लागले, तर तसे वहीत लिहावयाचे, आणि विहिरीच्या मालकाचा मुलगा बरोबर असला, तरी लिहावयाचेच. ज्यांची मुले त्या वर्गांत आहेत, त्यांनी त्यांना त्या दिवशी शिकवणीला न पाठवता येथे पाठवावे. येताना घरच्या सात-बाऱ्याची एक प्रत बरोबर द्यावी.