खर्ज कुणाच्या हाती?

स्त्रियांसोबत काम करणाऱ्या बहुतेक संस्थांच्या अंदाजपत्रकात शिलाई मशीन असतं. मेंदीचे वर्ग असतात, ब्यूटी पार्लरचं साहित्य असतं, अलीकडे संगणकही असतो. त्या यादीत 'बास गिटार आणि अॅम्प्लिफायर' अशी ओळ घातली, की बैठकीत आधी हशा पिकतो आणि मग प्रश्न सुरू होतात. आमच्याकडेही झाले. मुलींच्या गाण्याच्या गटाला ढोलकी आहे, डफ आहे, पेटी आहे. हे नवं खूळ कशाला? इतके पैसे चैनीवर घालायचे का? आणि सगळ्यात शेवटी, काळजीच्या सुरात : पण मुलींना ते झेपेल का?

पैशांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर हिशोबाने देता आलं. हा शेवटचा 'झेपेल का' मात्र मला सोडवत नाही, कारण तो विचारणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्या होत्या.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, विजेवर चालणारी गिटार. गाण्यातला खर्ज ती धरते. ताल आणि सूर यांच्यामध्ये राहून दोघांना बांधून ठेवते. ऐकणाऱ्याचं तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ वाटायला लागतं. (हे वर्णन घरातल्या बाईचं वाटलं, तर माझी हरकत नाही.) राहुल देव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत टोनी वाझ यांची बास आहे, पण नाव घेतलं जातं ते गायकाचं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बाई आली ती 'लेडी सिंगर' म्हणून. तिने वरच्या पट्टीत गायचं, साडी चांगली नेसायची. तिच्यामागे वाद्यं, वायरी आणि खोकी घेऊन उभे ते सगळे पुरुष. कोणता आवाज किती मोठा ठेवायचा हेही तेच ठरवणार.

आता 'झेपण्या'कडे येऊ. लिओ फेंडरने १९५१ साली अमेरिकेत 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. तिच्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच होती, आणि तेच माप पुढे रूढ झालं. निसर्गाने काही ते ठरवून दिलेलं नाही. ३० इंची बासही तेव्हापासून बनत आल्या आहेत. फेंडरचीच 'मस्टँग बास' १९६६ सालची, ३० इंची. दुकानात अशी आखूड बास मागितली की 'ही लहान मुलांसाठी, लेडीजसाठी' असं सांगतात. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीच्या हातातली ती प्रसिद्ध व्हायोलिनच्या आकाराची हॉफनरही ३० इंचीच आहे. त्याला कुणी 'लेडीज मॉडेल' वापरणारा म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

उलट बाजूनेही पाहा. कॅरल के ही १९३५ साली जन्मलेली बाई लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत आधी गिटार वाजवायची. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बासवाला आलाच नाही, म्हणून ती जागा तिने घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं पूर्ण लांबीची प्रिसिजन वाजवली. घोडीपाशी तारांवर ती फेल्टची पट्टी लावायची, म्हणजे जादा गुंजन मरून सूर नेमका यायचा. आपल्या मुंबईची मोहिनी डे (जन्म १९९६) आज जगभर बास वाजवते. तिचे वडील स्वतः बासवादक, शिक्षण घरातच झालं. ज्यांच्या बापाच्या हातात हे वाद्य नव्हतं, त्या मुलींचं काय, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

बोटांचं तर आणखीच गमतीचं. अबिगेल इबारा ही बाई १९५६ साली कॅलिफोर्नियात फेंडरच्या कारखान्यात लागली. तारेचं कंपन पकडणारं जे पिकअप असतं, त्याच्या लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालण्याचं काम तिने आयुष्यभर केलं. ती २०१३ साली निवृत्त झाली. या उद्योगात अशी कामं बायकांकडे आली, कारण म्हणे त्यांची बोटं नाजूक आणि चपळ. अंधेरीच्या सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी मुली घेतल्या तेव्हाही हेच बोललं गेलं. बोटं नाजूक म्हणून वाद्य बनवायला चालतात, आणि नाजूक म्हणूनच वाजवायला चालत नाहीत! ज्या कामात मजुरी कमी तिथे बोटं चपळ, आणि ज्या कामात नाव आणि मानधन तिथे ती तोकडी.

म्हणून आमच्या गटात ठरवलं, की वाद्य निवडायला मुलींनीच जायचं. भाऊ, काका, सर यांपैकी कुणी नको. सोबत पुरुष असला की दुकानदार त्याच्याशीच बोलतो. मुलगी प्रश्न विचारते आणि उत्तर भावाला मिळतं. तिघी गेल्या. पिशवीत मोजपट्टी, ट्यूनर आणि कागदावर लिहिलेली प्रश्नांची यादी. बास आधी बसून आणि मग पट्टा खांद्यावर घेऊन उभ्याने वाजवायची. चार किलोंच्या आसपास वजन असतं, तासभर उभं राहिल्यावर ते खांद्याला कळतं. हात सोडल्यावर मान खाली झुकते का? झुकत असेल, तर डावा हात सूर धरण्याऐवजी वजन पेलत राहील. मानेवर सतारीला असतात तसे पडदे असतात. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवायची, खरखर कुठे येते ते टिपायचं. पडद्यांच्या कडा तळहाताला बोचतात का, तेही. दुकानदार कंटाळतो. त्याला कंटाळू द्यावं. तिघींनी तीन दुकानं पालथी घातली आणि चौदा हजारांत एक ३० इंची आणली.

खरी मजा त्यानंतरची. नवं वाद्य बहुधा नीट लावलेलं नसतं. तारा उंच असतात, दाबताना बोटं दुखतात आणि मुलगी समजते की आपल्यालाच जमत नाही. किती मुलींनी याच कारणाने वाद्य खाली ठेवलं असेल! आपल्या गायिका तानपुरा स्वतः लावतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. जवारी काढण्याचं काम मात्र मिरजेच्या कारागिराचं मानलं जातं. बासचं तंत्र जवारीपेक्षा खूप सोपं आहे. अॅलन की, पेचकस आणि धीर, एवढंच लागतं.

मानेच्या आतून एक पोलादी सळई गेलेली असते. तारांच्या ओढीने मान किती वाकावी हे ती सांभाळते. आधी सूर लावून घ्यायचा. मग जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर, अशी एकाच वेळी दाबायची, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी फट पाहायची. एखादं जाडसर कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण ०.३ मिलिमीटर, असली की ठीक. फट जास्त असेल तर सळई घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळायची. अजिबात नसेल तर पाव फेरा सैल. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही. लाकडाला वेळ द्यायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं. त्यानंतर घोडीवरचे छोटे स्क्रू फिरवून तारांची उंची लावायची. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास जागा ठेवली, तर बोटांनाही सोसतं आणि तार पडद्यांना घासतही नाही. शेवटी सुराची पारख. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर एक हवा. दाबलेला चढा असेल तर घोडीचा तो दाणा मागे न्यायचा, उतरा असेल तर पुढे.

पहिल्यांदा या कामाला आमची अख्खी दुपार गेली. दुसऱ्यांदा तासाभरात झालं. ज्या मुलीला घरी फ्यूज बदलायला 'दादा येईपर्यंत थांब' म्हणतात, तीच इथे अॅलन की हातात धरून इतरांना 'पाव फेरा, पाव' म्हणून बजावत होती.

अॅम्प्लिफायरच्या बाबतीत मी जास्त कडक आहे, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. साध्या गिटारच्या अॅम्पवर बास मोठ्याने वाजवू नये. सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, तो त्याच्या स्पीकरला सोसत नाही. खोलीत सरावाला २०-३० वॅट पुरतात. ड्रमसोबत वाजवायचं तर दोनशेच्या पुढे लागतात. ८ ओहमची दोन स्पीकरची खोकी समांतर जोडली की अॅम्पवर ४ ओहमचा भार पडतो. अॅम्पच्या पाठीवर 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल, तर तिसरं खोकं जोडायचं नाही, मग आयोजक कितीही आग्रह करोत. अॅम्पपासून स्पीकरपर्यंत स्पीकरचीच वायर हवी. गिटारची बारीक वायर तापते.

आणि अर्थिंग. वस्तीतली समाजमंदिरं, मंडपं, जुन्या चाळींचे हॉल इथे तीन पिनांची जागा असली तरी तिसऱ्या पिनेमागे वायर असेलच असं नाही. वाजवणारीची बोटं धातूच्या तारांवर आणि ओठ माइकला. दोन्हींपैकी एकीकडे दोष असला तर वीज तिच्यातून जाते. 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली स्वान्सी इथे मंचावर असाच गेला. साध्या टेस्टरने वीज आहे एवढंच कळतं, अर्थिंग आहे का हे कळत नाही. आमच्या गटातली एक मुलगी आयटीआयत विजतंत्रीचा अभ्यासक्रम करते. कार्यक्रमाआधी तपासणी तिची. ती नाही म्हणाली तर वाजवायचं नाही, हा नियम आहे. एका मंडळाचे पदाधिकारी यावर रागावले होते. रागावले तरी वायर त्यांनाच ओढावी लागली.

वजनाचा बाऊही जुना झाला. १९६९ सालचा अँपेगचा ३०० वॅटचा अॅम्प आणि त्याचं आठ स्पीकरचं खोकं प्रसिद्ध आहे. नुसत्या तशा खोक्याचं वजन ६० किलोंच्या पुढे जातं. आज काही शे वॅटचा अॅम्प दोन-तीन किलोंत मिळतो, खांद्यावरच्या पिशवीत मावतो. शिवाय डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायकांना वजनाची भीती कुणी घालावी!

१९७५ साली वॉशिंग्टनमध्ये बोडेन सँडस्ट्रॉम आणि कॅसी कल्व्हर यांनी 'वुमन साउंड' नावाची बायकांची ध्वनियंत्रणा कंपनी उभी केली. आपल्या मोर्च्यांत घोषणा बायकांच्या, आणि माइकवाला भाऊ वेळ झाली की बटण बंद करतो. इतक्या वर्षांत आपल्याला हे खटकलं का नाही?

शेवटचा मुद्दा मालकीचा. एका मुलीने शिकवण्या घेऊन छोटा अॅम्प घेतला होता. बिल भावाच्या नावावर झालं, कारण दुकानात तो गेला होता. त्याला पैशांची नड आली तेव्हा त्याने तो परस्पर विकला, आणि घरात कुणाला त्यात गैर वाटलं नाही. बाईची वस्तू म्हटली की आपल्याला सोनं आणि भांडी आठवतात. हिंदू वारसा कायद्याचं १९५६ सालचं कलम १४ स्वतःच्या कौशल्याने किंवा खरेदीने मिळवलेल्या जंगम वस्तूही बाईच्या पूर्ण मालकीच्या मानतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही असं स्पष्ट केलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात तर कोणत्याही धर्माच्या बाईची मालमत्ता परस्पर विकणं हा आर्थिक छळ ठरतो, आणि वस्तू परत करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. पण वस्तू तिची हे दाखवायला कागद लागतो. म्हणून बिल तिच्याच नावावर, पैसे तिच्या खात्यातून, अनुक्रमांकासह फोटो तिच्या फोनमध्ये आणि एक प्रत आमच्या कपाटात.

विकतानाही तसंच. गाड्यांच्या जाहिरातीत 'लेडी ड्रिव्हन' लिहितात, म्हणजे फार चालवलेली नाही. बास बघायला येणारेही म्हणतात, 'मुलीने वापरलीय ना, मग वाजवलीच नसेल.' आणि त्याच तोंडाने भाव पाडतात. गिऱ्हाइकाला घरचा पत्ता द्यायचा नाही. केंद्रावर, दिवसा, दोघींनी मिळून भेटायचं. वाद्य जोडून वाजवून दाखवायचं, दोष असेल तो आधी सांगायचा. पैसे आल्याचा संदेश गिऱ्हाइकाच्या फोनवर बघून भागत नाही, आपल्या खात्यात बघायचे.

आमचा पहिला २० वॅटचा अॅम्प आता विकायचा आहे. आवाजाचं बटण फिरवताना थोडं खरखरतं. ते मुलींनी जाहिरातीत स्वतःच लिहिलंय. एकीने किंमत चार हजार धरली आहे, दुसरी साडेचारवर अडून बसली आहे. रविवारी अकरा ते एक केंद्रावर बघायला मिळेल. एखाद्या महिला मंडळाला हवा असेल तर दोघीही खाली यायला तयार आहेत, पण बिल त्या मंडळातल्या वाजवणाऱ्या मुलीच्या नावावर करू, असं म्हणतात.