मण्यार चावल्याचं कळतच नाही. मग भामरागडमध्ये जीव वाचवायचा कसा?

पहाटे पोटात दुखतंय, मळमळतंय, गिळायला त्रास होतोय. अंगावर जखम नाही, सूज नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस अशी तक्रार घेऊन आला, तर अनुभवी डॉक्टर आधी त्याच्या पापण्या बघतात. त्या आपोआप मिटत असतील, तर रात्री मण्यार चावलेली असू शकते.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं राज्यांना कळवलं. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. 2020 च्या एका अभ्यासानुसार देशात वर्षाला सरासरी 58 हजार लोक साप चावून मरतात. त्यातले बहुतेक ग्रामीण भागातले. भामरागडसारख्या तालुक्यात या उद्दिष्टाचा खरा कस लागणार आहे.

मण्यार घरात का येते?

माणसासाठी नक्कीच नाही. मण्यारचं खाणं म्हणजे दुसरे साप, पाली, बेडूक, उंदीर. दिवसा ती सुस्त असते, शिकार रात्री करते. धान्य साठवलेल्या घरात उंदीर असतात, त्यांच्या मागे तीही येते. झोपेत कूस बदलताना माणसाचा तिला धक्का लागतो आणि ती चावते. दात इतके बारीक की मुंगी चावल्यासारखं वाटतं. अनेकांना तर जागही येत नाही.

विष नेमकं काय करतं?

नसा जिथे स्नायूंना हुकूम देतात, ती टोकंच हे विष निकामी करतं. आधी पापण्या, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करतं, पण निकामी झालेली टोकं ते दुरुस्त करत नाही. ती पुन्हा तयार व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर कुणीतरी रुग्णाला श्वास देत राहावं लागतं, व्हेंटिलेटरने किंवा हाताने दाबायच्या अंबू बॅगने. असा रुग्ण मेल्यासारखा दिसतो, पण तो शुद्धीवर असू शकतो आणि पूर्ण बराही होऊ शकतो. म्हणून श्वास थांबला की सगळं संपलं, असं मानून प्रयत्न सोडणं घातक आहे.

इथेच भूगोल आडवा येतो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड आहे. पर्लकोटाला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षांचं आहे. आणि साप चावण्याचे दिवसही नेमके तेच. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, जवळच हेमलकशाला 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे, तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सर्पदंशाचे असंख्य रुग्ण हाताळले. पण आतल्या पाड्यावरून तिथवर पोहोचणं, तेही खाटेवर उचलून, यातच तास जातात. त्याआधी पुजाऱ्याकडे फेरी झाली तर आणखी वेळ. बहुतेक साप बिनविषारी असतात, त्यामुळे पुजाऱ्याचा 'गुण' अनेकदा येतोही. मण्यारच्या बाबतीत तो येत नाही.

आणखी एक अडचण. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनतं. पूर्व विदर्भात आढळणारी पट्टेरी मण्यार त्यात नाही.

नोंद सक्तीची झाली तरी घरीच झालेला मृत्यू कागदावर येईलच असं नाही. आणि जिथे रुग्ण कमी दिसतात, तिथे औषधसाठाही कमी जाण्याची भीती असते.

एक स्वस्त उपाय मात्र घरात आधीच आहे. मलेरियासाठी गडचिरोलीत मच्छरदाण्या वाटल्या जातात. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी असतं, हे नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात 2007 मध्ये दिसलं. अट एवढीच की तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या हव्यात.

चावल्याचा संशय आला तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रुग्णाला चालवू नका. 108 ला फोन करा, आणि वाटेत त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवा.