हात हलका हवा

पिकलबॉल हे नाव ऐकले की लोणच्याची बरणी आठवते; पण गेल्या काही वर्षांत हा खेळ मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत खरोखरच मुरला आहे. आमच्या सोसायटीतही बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावर नव्या रेघा मारल्या गेल्या आणि संध्याकाळी सहाला आजोबा, सुना, कॉलेजातली मुले अशी सगळी तिथे जमू लागली. पाठोपाठ वादही आला. चेंडू जोरात मारायचा की अलगद? वाद खेळाचा वाटतो. माझ्या मते, त्या कोर्टावर शेवटी कोण टिकणार याचा तो वाद आहे.

हा खेळ जन्मला १९६५ साली, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या तिघांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी तो जमवला. बॅडमिंटनचे कोर्ट, टेबलटेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू, एवढेच भांडवल. आपल्याकडे सुनील वालावलकर यांनी तो आणला आणि २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. मुळात सगळ्या घराने मिळून खेळायचा असा हा खेळ आहे.

त्याचे नियमही तेच सांगतात. सर्व्हिसचा चेंडू टप्पा पडल्यावरच परतवायचा आणि परत आलेलाही टप्पा पडू देऊनच मारायचा. म्हणजे सुरुवातीलाच धावून जाऊन धोपटण्याची सोय नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना ७ फुटांचा पट्टा असतो. त्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. या पट्ट्याला म्हणतात ‘किचन’ आणि त्यात अलगद टाकलेल्या चेंडूला म्हणतात ‘डिंक’. आमच्याकडच्या भगिनींनी यावर, आता लाडू कधी वळायचे, असे विचारून घेतलेच!

जाळी मधोमध ३४ इंच उंच असते. तिच्या उंचीखाली आलेला चेंडू ताकदीने हाणला, तर तो जाळीत अडकतो नाहीतर रेषेबाहेर जातो. शिवाय दोघे आपापल्या किचनच्या कडेला उभे असले, की मधले अंतर जेमतेम १४ फूट. जितक्या जोरात पाठवावा तितक्याच लवकर तो परत अंगावर येतो. अशा वेळी बॅट सैल धरली की चेंडूचा जोर हातातच जिरतो आणि तो पलीकडे नुसता टपकतो. बँकेतल्या नोकरीत मी हे नोटांच्या बाबतीत पाहिले आहे. मोजणीची यंत्रे येण्यापूर्वी नवखा उमेदवार बंडल आवळून धरी आणि नोटा एकमेकींना चिकटत. मुरलेल्या कॅशियरची बोटे सैल असत आणि नोटा भराभर सुटत.

तरुण मंडळी म्हणतात, जोरात मारणे हाही खेळाचाच भाग आहे. अगदी बरोबर. चेंडू उंच आला तर जरूर मारावा. चार तरुण आपापसांत खेळत असतील, तर त्यांना अडवणारे आपण कोण? पण समोर साठी ओलांडलेली व्यक्ती असेल तेव्हा हिशेब बदलतो. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या चष्म्यावर असाच एक सणसणीत चेंडू बसला. सुदैवाने डोळा वाचला. त्या मात्र पुन्हा आल्या नाहीत आणि चार दिवसांत त्यांची जागा भरलीही. मारणाऱ्याने गुण मिळवला. सोसायटीने एक खेळाडू गमावला.

एरवी या तीन पिढ्या एकमेकांना भेटतात कुठे? लिफ्टमध्ये, तेही मोबाइलकडे बघत. संध्याकाळचा हा एक तास ताकदीवर चालला, तर महिन्याभरात कोर्टावर फक्त पंचविशीतले उरतील. हलक्या हाताने चालला, तर गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबाही एखाद्या कॉलेजकुमाराला कोपऱ्या-कोपऱ्यांत नाचवू शकतात. तेव्हा माझी सूचना साधी आहे. मिश्र वयाचा डाव असेल तर पहिली दहा मिनिटे फक्त किचनमध्येच खेळावीत, उंच चेंडू मारायचाच तर तो पायांकडे मारावा, आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावण्याची लाज कोणी बाळगू नये. गुण कोणीही जिंकोत, दुसऱ्या दिवशी सहा वाजता चौघांनाही पुन्हा खाली उतरावेसे वाटले पाहिजे.