नूतनीकरणाआधी चाचणी हवीच

सायकलस्वारांविषयीचे भान तपासल्याशिवाय कोणाच्याही वाहनचालक परवान्याचे नूतनीकरण होऊ नये, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. ‘पुणे ग्रँड टूर’ या सायकल शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले, त्यांवरून वाहने हाकणाऱ्यांना मात्र कोणीच काही विचारले नाही.

परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले, तरच आज पुन्हा चाचणी द्यावी लागते. वेळेत अर्ज करणारा, चाळिशी ओलांडली असल्यास, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मोकळा होतो. रस्त्याकडेला थांबलेल्या मोटारीचे उजवे दार डाव्या हाताने उघडले, की अंग वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. एवढी साधी सवय किती चालकांना आहे?

आरटीओवर ताण येईल, हा आक्षेप खरा. दलालांचे फावेल, हा त्याहून खरा. म्हणूनच संगणकावर चित्रफिती दाखवून छोटी चाचणी घ्यावी आणि तीही कार्यालयातच; घरबसल्या घेतली तर वडिलांच्या वतीने चिरंजीवच उत्तीर्ण होतील.

कायदा केंद्राचा आहे, ही सबब राज्याच्या परिवहन खात्याने पुढे करू नये. दुरुस्तीचा प्रस्ताव तातडीने दिल्लीला पाठवावा. सायकल मार्ग आखायचे आणि त्यांवर दुचाक्या उभ्या राहू द्यायच्या, एवढ्यावर सरकारची सुटका होणार नाही.