जात चोरली की लपवली?

१९३० साली नाशकात दोन गोष्टी घडल्या. २ मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी जुलैत शहरालगतच्या विहितगावी बाबुराव बागूल जन्मले. सत्याग्रहाने देवाचे दार हलवले. बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहून मराठी कथेचा दिवाणखाना हलवला. झोपडपट्टी, चाळ, वेश्यावस्ती आणि त्यातली पेटलेली माणसे तेथे पहिल्यांदाच ताठ मानेने शिरली.

हा संग्रह इंग्रजीत आला तो २०१८ साली. जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद, नाव 'व्हेन आय हिड माय कास्ट'. म्हणजे मधे ५५ वर्षे गेली! दया पवारांच्या १९७८च्या 'बलुतं'लाही २०१५पर्यंत थांबावे लागले आणि तेथेही अनुवादक पिंटोच. १९९२ साली अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड'मधून आपले लेखन इंग्रजीत गेले होते, हे खरे. पण अख्खे पुस्तक जाणे वेगळे. पिंटोंचे आभार मानलेच पाहिजेत.

तरीही शीर्षकापाशी थांबावे लागते. इंग्रजीत जात 'लपवली' जाते. बागुलांनी 'चोरली' लिहिले. लपवणारा भ्यालेला असतो, चोरणारा गुन्हेगार ठरतो. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेल्या तरुणाने स्वतःचीच जात सांगितली नाही, तर तो चोर कसा? स्वतःच्या मालकीची वस्तू कुणी चोरतो का? मनुव्यवस्थेने ज्याचे सर्वस्व लुटले त्यालाच चोर म्हणण्याची तिची रीत त्या एका क्रियापदात उघडी पडते. मराठीत माणूस अंग चोरतो, नजर चोरतो, तसाच जातही चोरतो. हा सगळा पदर इंग्रजीत सुटतो. यात अनुवादकाचा दोष नाही. त्या भाषेला हा अनुभवच नाही.

मग आपल्या वस्तीतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे काय? त्यांना बागूल इंग्रजीतूनच भेटणार असतील तर भेटू द्या, त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मूळ इंग्रजीत १९५७ साली आला आणि आपल्या आईबापांनी तो मराठी अनुवादातूनच वाचला. पण ते भाषांतर घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस, शां. शं. रेगे या बाबासाहेबांच्या विचारविश्वात वावरलेल्या माणसांनी केले होते. बागुलांसाठी, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांच्या गाण्यांसाठी असे अनुवादक चळवळीने किती घडवले? स्मारकांच्या वर्गण्या आपण गोळा करतो (कराव्यातच), पण तमिळ, तेलुगू, गुजराती येणारा एखादा कार्यकर्ता त्या पैशात भाषांतराला बसवावा, असे एकाही बैठकीत कुणी सुचवत नाही.

बागूल २००८ साली नाशकातच गेले. याच शहरात आजही खोली भाड्याने मागायला गेलेल्या पोराला आधी आडनाव विचारले जाते.