मुक्या गाडीच्या गळ्यात घुंगरं

बेंगळुरूत दहा किलोमीटर जायला २०२४ साली सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागत होती, अशी नोंद टॉमटॉम या कंपनीच्या वाहतूक निर्देशांकात आहे. जगातल्या सर्वांत मंद शहरांच्या त्या यादीत बेंगळुरू तिसरं होतं; पुणे लगेच पाठोपाठ, चौथं. भागाकार केला की वेग येतो ताशी साडेसतरा किलोमीटर. सायकलवर रोज कामाला जाणारा माणूस एवढ्या वेगाने जातो.

आणि याच शहरात, सिल्क बोर्डच्या चौकात सिग्नल सुटायची वाट बघणाऱ्या गाड्यांच्या पडद्यांवर ‘स्पोर्ट’, ‘रेस’, ‘झूम’, ‘हायपर’ अशी मोडची नावं उजळलेली असतात. काही गाड्यांत इंजिन नसूनही स्पीकरमधून इंजिनासारखी गुरगुर येते. मोटारींवर मनापासून प्रेम करणाऱ्या मंडळींत या दोन गोष्टींवरून चांगलंच वाजलेलं आहे. एक पक्ष म्हणतो, हे सगळं सोंग आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, आवाज नसेल तर गाडीत जीव कसला? तिसरा पक्ष शांततेच्या बाजूचा: विजेच्या गाडीने शहराला पहिल्यांदाच थोडी शांतता दिली आहे, तर तिच्यातही आवाज कोंबायचा हा कुठला हट्ट?

तिन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तिघेही गाडीच्या काचेच्या आत बसून बोलत आहेत. काचेबाहेर, पदपथ खणून ठेवलेला असल्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारा जो माणूस आहे, त्याचा कान या वादात कुणी जमेस धरलेला नाही.

पहिल्या पक्षाचं म्हणणं आधी नीट ऐकायला हवं, कारण त्यांना झालेलं दुःख खरं आहे. बीएमडब्ल्यूने २०११ साली नवी एम-५ आणली. आधीच्या गाडीतलं दहा सिलिंडरचं इंजिन जाऊन आठ सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन आलं होतं. टर्बो हवेच्या लाटा गिळतो, आवाज दबतो. शिवाय आतली खोली आता फारच बंदिस्त. म्हणून कंपनीने इंजिनाच्या फेऱ्या आणि पॅडलवरचा दाब वाचून स्पीकरमधून आवाजाची भर घातली. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत पुढच्या काचेखाली एक छोटं कंपनयंत्र बसवलेलं असतं. ते गाडीच्या पत्र्यालाच थरथरवून खर्ज वाढवतं. गाडी घेतल्यावर कित्येक महिन्यांनी ज्याला हे कळलं, त्याला फसवल्यासारखं वाटलं तर त्यात त्याची काही चूक नाही. विकताना जे सांगितलं नाही, ते लपवलंच.

मात्र इथून पुढे हा पक्ष घसरतो. ‘खरा आवाज’ नावाची एक पवित्र वस्तू पूर्वी होती आणि संगणकाने ती भ्रष्ट केली, असं त्याचं गृहीतक आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी मोटारसायकलींचा आवाज ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांना तो इंजिनाचा वाटतो. पण तो तितकाच सायलेन्सरच्या नळीचाही होता: तिची लांबी, पोट, आतले पडदे. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ साली आपल्या इंजिनाच्या आवाजावर व्यापारचिन्ह मागितलं आणि बरीच वर्षं भांडून २००० साली अर्ज मागे घेतला. अर्ज केला, याचाच अर्थ तो आवाज मालासारखा सांभाळला जात होता. लेक्ससने एलएफए या गाडीचा आवाज जुळवायला यामाहाची मदत घेतली. आवाज घडवणं ही मोटारधंद्यातली जुनी कारागिरी आहे. पूर्वी ती पत्र्यात होत होती, आता सॉफ्टवेअरमध्ये होते, एवढाच फरक.

त्यातलं गणितही गूढ नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० स्फोट करतं; म्हणून कानाला १०० हर्ट्झचा मूळ सूर लागतो. तीन सिलिंडरचं ७५, आठ सिलिंडरचं २००. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा छोट्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन शुल्क उतरवलं, तेव्हापासून लहान इंजिनांना जोर आला आणि पुढे तीन सिलिंडरची इंजिनं घरोघर पोचली. त्यांच्या सुरात वरच्या पटी मिसळून तो भरदार करणं हे संगणकाला अवघड नाही. त्या सुरातून फेऱ्या वाढल्या-उतरल्याचं चालकाला अचूक कळत असेल तर त्यात माहिती आहे. गाडीत नसलेल्या सिलिंडरांची ग्वाही तो सूर देत असेल, तर तेवढा भाग खोटा. कृत्रिम आणि खोटं हे दोन वेगळे शब्द आहेत आणि या वादात ते एकाच पोत्यात भरले गेले आहेत.

हा फरक आपल्या आजोबांना ठाऊक होता. मातीच्या वाटेवर रात्री बैलगाडी जवळजवळ मुकी असते. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या त्या काही केवळ शोभेसाठी नव्हत्या; वळणापलीकडच्या माणसाला, समोरून येणाऱ्या गाडीवानाला, बांधावर झोपलेल्या राखणदाराला गाडी आल्याचं कळायचं. बैलाच्या घशातून तो नाद निघत नव्हता. तो माणसाने बांधलेला, पूर्ण कृत्रिम होता. तरीही पाऊल पडलं की वाजायचा, पाऊल थांबलं की थांबायचा, धावायला लागलं की धावायचा. बैलगाडीबद्दल तो कधी खोटं बोलला नाही.

आता तिसरा पक्ष, शांततेचा. त्याच्याशी भांडताना मन थोडं मागे ओढलं जातं, कारण बेंगळुरूच्या कलकलाटात राहिलेल्या कुणालाही शांतता हवीच आहे. या शहराला मुक्या गाड्यांची ओळखही नवी नाही. चेतन मैनी यांची रेवा २००१ साली इथल्याच बोम्मसंद्रातून रस्त्यावर आली, ‘जी-विझ’ नावाने लंडनच्या गल्ल्यांत फिरली आणि २०१० साली कंपनी महिंद्राकडे गेली. तेव्हा अशा गाड्या मोजक्या होत्या. आता एथर, ओला इलेक्ट्रिक, अल्ट्राव्हायोलेट या साऱ्या कंपन्या इथल्याच, आणि बीएमटीसी या शहर बससेवेच्या विजेवर धावणाऱ्या बसही हजाराच्या वर गेल्या आहेत.

शांततेच्या पक्षाचा पहिला मुद्दा असा की भारतात हॉर्न आहेच, वेगळा आवाज कशाला? पण हॉर्न वाजायला चालकाला समोरचा माणूस आधी दिसावा लागतो. जो दिसलाच नाही, त्याच्यासाठी हॉर्न वाजत नाही, आणि धोका नेमका त्यालाच. गाडीचा स्वतःचा आवाज चालकाच्या नजरेवर अवलंबून नसतो.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा. एवढ्या गोंगाटात तो हळू आवाज ऐकू कसा येणार? आउटर रिंग रोडवर नाहीच येणार, हे मान्य. तिथे पेट्रोलची गाडीही वेगळी ऐकू येत नाही. पण माणूस गाडीखाली फक्त आउटर रिंग रोडवर सापडत नाही. मल्लेश्वरमच्या आडव्या गल्ल्या, जयनगरमध्ये पहाटे फिरायला निघालेली वयस्क मंडळी, सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग, शाळेच्या फाटकासमोर मागे येणारी गाडी, या जागा पाहा. चाकांचा घासण्याचा आवाज साधारण ताशी वीस किलोमीटरच्या पुढे पुरेसा होतो. त्याखाली विजेची गाडी न सांगता अंगावर येते. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ या काळातल्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढंच अंतर धरलं तर विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांनी पादचाऱ्याला धडकण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्या सुमारे दुप्पट होतं, आणि हा फरक शहरांत अधिक होता.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या १३८ क्रमांकाच्या नियमाने याचा विचार फार बारकाईने केला आहे. दोन मीटरवरून मोजल्यावर ताशी दहा किलोमीटरला किमान ५० डेसिबल, वीसला ५६. वरची मर्यादा ७५. म्हणजे पडवीत बसून गप्पा मारणाऱ्यांच्या आवाजाएवढं किमान. वेग एक किलोमीटरने वाढला की सूर निदान ०.८ टक्क्याने चढलाच पाहिजे. पांढरी काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गाडी वेग घेते आहे की थांबते आहे, हे या एका अटीमुळे कळतं. सुरांचा एक पट्टा १६०० हर्ट्झच्या आत हवा, कारण वय वाढलं की उंच सूर आधी हरवतात. नियमाच्या सुधारित रूपात तर आवाज बंद करायचं बटण ठेवायलाच मनाई आहे. घुंगुरमाळेचं सगळं शास्त्र इथे आकड्यांत उतरलं आहे, आणि चालकाच्या आनंदाचा त्यात एकही आकडा नाही.

चालकाचा आनंद बाहेरच्या स्पीकरमध्ये घुसला की काय होतं, याची दोन उदाहरणं अमेरिकेत घडली. टेस्लाला २०२२ च्या फेब्रुवारीत ५,७८,६०७ गाड्या दुरुस्तीसाठी जाहीर कराव्या लागल्या. ‘बूमबॉक्स’ या सोयीतून गाणी आणि गमतीचे आवाज बाहेर वाजवता येत होते आणि त्याखाली पादचाऱ्यांसाठीचा इशारा झाकला जाऊ शकत होता. डॉजने विजेच्या ‘चार्जर डेटोना’ या गाडीला जुन्या आठ सिलिंडरची आठवण करून देणारा गडगडाट दिला, आणि २०२५ मध्ये त्यातल्या आठ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे त्यांचा पादचाऱ्यांसाठीचा आवाजच निघत नव्हता. गडगडाटाची एवढी हौस असलेल्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्याला सांगायचं तेवढं सांगितलं नाही. आवाज करणं आणि इशारा देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे याहून स्पष्ट कुणी दाखवायचं?

दुसऱ्या पक्षाला उत्तर यातूनच मिळतं. आतला आवाज आत राहू द्या, आणि मग हवा तेवढा सुंदर करा. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांसाठी ए. आर. रहमान यांनी ध्वनी रचले आहेत. संगीतकाराने यंत्राला वाणी द्यावी यात कमीपणा कसला? आतल्या आवाजाचा उपयोगही आहे: आवाज कमी झाला की चालक आपला वेग खऱ्यापेक्षा कमी समजतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये नसलेल्या गिअरांचा भास आणि आवाज दोन्ही दिले आहेत, आणि वेग कानांनी समजतो हा त्याचा फायदा आहे. अट एवढीच की तो भास आहे हे ग्राहकाला आधी सांगितलं जावं आणि एका बटणाने तो बंद करता यावा.

मोड्सचंही असंच. त्यांना सरसकट खेळणं म्हणणारे चुकतात. आजच्या गाडीत पॅडल आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसून संगणक असतो. पाय अर्धा दाबला तर किती जोर सोडायचा, हे तो ठरवतो. ‘इको’मध्ये तोच पाय कमी मागतो, एसीही कमी ओढतो. पावसाळ्यात आंबोली किंवा आगुंबेचा घाट चढताना ‘वेट’ मोड चाकाची घसरण लवकर आवरतो. स्कूटरच्या मोडला तर खरी कात्री असते: ओलाची एस-१ प्रो २०२१ साली आली तेव्हा ‘हायपर’मध्ये ताशी ११५ किलोमीटर जाणारी ती स्कूटर खालच्या मोडमध्ये बरीच आधी थांबत असे. नव्याने चालवायला शिकणाऱ्या मुलीच्या हातात स्कूटर देणाऱ्या आईबापांसाठी ही कात्री मोलाची आहे.

खंडन करायचं आहे ते नावांचं. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ-७७ चे मोड आहेत ‘ग्लाइड’, ‘कॉम्बॅट’ आणि ‘बॅलिस्टिक’. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० चे ‘झिप’, ‘झॅप’, ‘झूम’. या शब्दांतून काय बदलतं ते कळत नाही, आणि युद्धाचे शब्द ताशी साडेसतराच्या शहरात चालकाच्या डोक्यात चुकीची हवा भरतात. दिवाळीला बेंगळुरूहून कोल्हापूरला विजेच्या गाडीने निघालेल्या कुटुंबाला हवी असते साधी माहिती. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. चित्रदुर्गनंतरच्या मोकळ्या रस्त्यावर ‘इको’चं बटण दाबून शंभराने गेलं, तर बॅटरी वाचल्याचं समाधान मिळेल आणि हावेरीच्या आसपास चार्जर शोधावा लागेल. पडद्यावर ‘इको’ऐवजी ‘८० ची मर्यादा, अंदाजे इतके किलोमीटर जास्त’ असं लिहिलेलं असतं, तर मोडने खरं काम केलं असतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला: विजेवरच्या प्रवासी आणि मालवाहू गाड्यांच्या नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२७ पासून एआयएस-१७३ या मानकाप्रमाणे इशाऱ्याचा आवाज सक्तीचा करावा. पाऊल योग्य आहे आणि त्याला विरोध करणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून रस्त्याच्या कडेला उभं राहावं. पण मसुद्यात दुचाकी नाहीत. बेंगळुरूत पदपथावर चढणारं, गल्लीत उलट्या दिशेने येणारं, जेवणाचे डबे पोचवायला धावणारं वाहन अनेकदा असतं विजेची दुचाकी. ताशी २५ च्या आतल्या, परवाना न लागणाऱ्या भाड्याच्या गाड्या तर बहुतेक वेळ त्याच वेगात असतात, जिथे चाकंही बोलत नाहीत.

या शहरातल्या कंपन्या स्कूटरचं सॉफ्टवेअर रात्रीतून मोबाइलसारखं बदलतात. ओलाच्या एस-१ प्रो स्कूटरमध्ये स्पीकर आधीपासून आहे. त्यावर गाणी वाजतात, जुन्या गाडीची आठवण देणारा ‘व्हिंटेज’ मूडही लागतो. त्याच स्पीकरवर वीसच्या खाली एक हळू, वेगाबरोबर चढणारा सूर सुरू ठेवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. मल्लेश्वरममध्ये सकाळी फुलं घेऊन परतणाऱ्या आजींना मागून स्कूटर येते आहे, हे तिचं हँडल कोपराला लागण्याआधी कळेल.