ओटीतला गोडसर वास

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती इथेच इंदूरला एका खासगी रुग्णालयात ओटीत सिस्टर आहे. "मावशी, दोन महिने झालेत. घरी सांगितलंय, ओटीत नाही. सांगितलं तर वॉर्डात टाकतील, म्हणजे अलाउन्स गेला. काय करू?"

मी विचारलं, "तुमच्याकडे लहान मुलांना मास्कवर भूल देतात का?"

"रोज. पोरगं हातपाय झाडतं, मास्क सुटतो, की आलाच तो गोडसर वास."

वाचकहो, तो वास मला चांगला ठाऊक आहे. मी ओटीत लागले ती १९८१ साली. बॉईलचं मशीन, हॅलोथेन, नायट्रस ऑक्साइड. रुग्णाने सोडलेला गॅस खोलीतच राहायचा, कारण दारं-खिडक्या बंद आणि एसी तीच हवा फिरवणारा. दुपारी डोकं जड व्हायचं, तर आम्ही दोष द्यायचो उपाशीपोटी राहण्याला. माझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं. सासूबाईंनी जिन्याला बोल लावला. गॅसमुळेच गेलं असं मी आजही म्हणणार नाही, कारण गर्भपात कारण न कळताही पुष्कळ होतात. पण त्या वेळी कोणी गॅसचा विचारही केला नाही, याची खंत आहे.

विचार करण्याजोगं तोवर बाहेर आलेलं होतं. १९६७ मध्ये सोव्हिएत रशियातल्या वाइसमन यांनी भूलतज्ज्ञांची पाहणी केली. त्यात ३१ गर्भारपणांपैकी १८ गर्भपातात संपली होती. अशा पाहण्या लोकांच्या आठवणीवर चालतात, शिवाय रात्रपाळ्या आणि दिवसभर उभं राहणंही त्यात मिसळलेलं, म्हणून पुढे त्यांवर शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्तच होत्या. मला जास्त पटतो तो १९९२चा अमेरिकेतला अभ्यास. दातांच्या दवाखान्यांत आठवड्याला पाच तास किंवा अधिक नायट्रसमध्ये काम करणाऱ्या आणि गॅस ओढून घेण्याची सोय नसलेल्या मदतनीस बायकांची दिवस राहण्याची शक्यता इतरांच्या निम्म्याहूनही कमी आढळली. जिथे ती सोय होती, तिथे फरक दिसला नाही. नायट्रस शरीरातलं बी-१२ निकामी करतो, हे तर पक्कं आहे.

अमेरिकेत १९७७ मध्ये सुचवलेली मर्यादा अशी: हवेच्या दहा लाख भागांत नायट्रस २५ भाग, हॅलोथेनच्या जातीचे गॅस फक्त २. नाकाला वास कळतो तो याच्या किती तरी वर. म्हणजे वास आला की मर्यादा ओलांडलीच, आणि वास नाही म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. तोंडावरचा कापडी मास्क गॅस अडवत नाही. (आम्ही दोन-दोन बांधायचो. हसू येतं आता.)

भाचीला म्हटलं, "आधी मशीनच्या मागे बघ. वाया जाणारा गॅस बाहेर नेणारी नळी जोडलेली आहे का? भूलतज्ज्ञ मास्क तोंडावर बसण्याआधीच गॅस सोडतात का? व्हेपोरायझर भरताना औषध सांडतं का? एसी बाहेरची हवा आत घेतो का? आणि रिकव्हरीत रुग्णाच्या तोंडाशी वाकू नकोस. तो उच्छ्वासातून गॅसच सोडत असतो. मग आजच्या आज मेट्रनला सांग."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. नळी होती, पण निखळलेली, गुंडाळी करून खुंटीला टांगलेली. कधीपासून, ते कोणालाच सांगता येईना. भूलतज्ज्ञ मॅडम ओशाळल्या, म्हणाल्या, आजच जोडून घेते.

भाची आता बाह्यरुग्ण विभागात आहे. अलाउन्स गेलाच. जावई कुरकुरले, मग गप्प बसले. तिच्या जागी आलेली मुलगी बावीस वर्षांची आहे, मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. ओटी सोडताना भाचीने तिला मशीनच्या मागे नेऊन ती नळी दाखवली.